पापलेट आणि कंपासपेटीतली पट्टी



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. शेतकऱ्याच्या घरात धान्याचा एक साठा असा असतो, की बाकीचं धान्य संपलं तरी त्याला कुणी हात लावत नाही. आई शेजारणीकडून तांदूळ उसने आणेल, पण तो साठा फोडणार नाही. सांगा पाहू, कसला साठा?

बरोबर! बियाण्याचा. कोकणात पेंढ्याची मुडी वळून तिच्यात भाताचं बियाणं ठेवत. कडधान्याच्या बियाण्याला राख लावून ते मडक्यात जपून ठेवत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी भात, वाल, भाज्या यांचं बियाणं त्यांनी जपलं आणि इतरांनाही दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात.

बियाणं एवढं का जपायचं? आज ते खाल्लं, तर उद्या पेरणार काय?

आता दुसरं कोडं. समुद्रात तर कुणी पेरणी करत नाही. मग मच्छीमाराचं बियाणं कुठे असतं?

ते पाण्यातच असतं! अंड्यांवर आलेल्या माद्या आणि लहान पिल्लं, हेच समुद्राचं बियाणं. आपल्याकडे बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ पावसाळ्याच्या आसपास येतो. त्या दिवसांत समुद्रही खवळलेला असतो. म्हणून यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. २०२५ साली महाराष्ट्रात ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस होती. पण कोळीवाड्यांत त्याआधीपासूनच रीत होती, की पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मग पुन्हा समुद्रात जायचं.

मग हे दोन महिने घर कसं चालतं? कमाई बंद, पण शाळेची फी, वह्या, दुकानाची उधारी थोडीच थांबते! म्हणून उन्हाळ्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालतात. जवळा सुकवतात. पावसाळ्याची ही बेगमी म्हणजे ‘आगोट’. पुरुष माणसं जाळी शिवतात, होडी दुरुस्त करतात. बायका सुकी मासळी बाजारात विकून घर चालवतात. बियाणं राखायचं तर पोटाला असा चिमटा घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, “बाई, मग दोन महिने थांबलं की झालं ना?” नाही हो! उरलेले दहा महिनेही पिल्लं वाढतच असतात. तिथे प्रश्न येतो जाळ्याचा. डोल नावाचं जाळं पिशवीसारखं असतं. ते समुद्रात खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. त्याची भोकं शेपटाकडे बारीक होत जातात, कारण जवळ्यासारखी बारीक मासळीही पकडायची असते. पण जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लंही अडकतात. मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यातही तसंच होतं. अशा पिल्लांना फारसा भाव येत नाही. पुष्कळदा ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी कवडीमोलानं जातात. आणखी काही महिने पाण्यात राहिली असती, तर तीच पापलेटं चांगल्या किमतीला गेली असती. शिवाय त्यांनी हजारो अंडी घातली असती, ती वेगळीच!

“मग मच्छीमार पिल्लं सोडून का देत नाहीत?” चांगला प्रश्न आहे. शेतकऱ्याची मुडी त्याच्या घरात असते. ती राखली की पीक त्याचंच. समुद्राची मुडी मात्र सगळ्यांची! एकानं मोठ्या भोकांचं जाळं लावून पिल्लं जाऊ दिली आणि शेजारच्या होडीनं तीच उचलली, तर पहिल्याचं नुकसान होतं. डोक्यावर डिझेलचं आणि जाळ्याचं कर्ज असताना एकट्यानं शहाणपणा करायचा कसा? म्हणून इथे सगळ्यांनी मिळून पाळायचा नियम लागतो.

असा एक नियम झाला आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर, तर बोंबलासाठी १८० मिलिमीटर. याच वर्षी पापलेट म्हणजे सरंगा हा महाराष्ट्राचा राज्यमासाही झाला. पण समुद्र केवढा अफाट! प्रत्येक जाळ्यापाशी पोलीस कसा उभा करणार? पालघर जिल्ह्यातलं सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मच्छीमारांच्या सहकारी संस्था कित्येक दशकांपासून आहेत. नियम पाळायचा तर अशी एकी हवी.

आणि गिऱ्हाईकही हवं! इथे तुमचं काम सुरू होतं. कंपासपेटीतली पट्टी काढा. ती १५ सेंटीमीटरची असते ना? त्यावर साडेतेरावर खूण करा. पापलेट निदान एवढं तरी हवं. आणि बोंबील? त्याला तर पट्टीच पुरत नाही, तीन सेंटीमीटर कमी पडते!

आईबाबांबरोबर बाजारात जाल तेव्हा नजरेनं अंदाज घ्या. मात्र मासळीवाल्या मावशींवर डोळे वटारू नका. जाळं त्यांनी टाकलेलं नसतं, आणि टोपलीतल्या मासळीवर त्यांचं घर चालतं. नम्रपणे म्हणा, “मावशी, एवढी छोटी नकोत, मोठी आली की घेऊ.” पालकांनाही एक विनंती. छोटी पापलेटं स्वस्त म्हणून घ्यावीशी वाटतात, महिन्याचा खर्च भागवायचा असतो, हे मान्य. पण त्याऐवजी पूर्ण वाढलेला बांगडा घेता येईल का, ते जरूर पाहा. पिल्लांना गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ती पकडण्यात फायदाही उरणार नाही.

घरी मासे खात नसाल, तर तुमच्यासाठी वेगळा गृहपाठ. आजीला विचारा, तुमच्या गावी बियाणं कशात ठेवायचे? त्याला कीड लागू नये म्हणून काय करायचे? उत्तर वहीत लिहून ठेवा. हेही एक बियाणंच आहे, आणि ते राखणं आता तुमच्याकडे!

तुमच्या बाई