काळी काच एकाला, उजेड सगळ्यांना



शेवटची मोळी गव्हाणीत पडली, भोंगा वाजला, की आपण सभासद मंडळी कारखान्याकडे पाठ फिरवतो. पुढचा हप्ता कधी, एवढाच काय तो प्रश्न आपल्या तोंडी उरतो. पण कारखान्यातली खरी ठोकाठोक त्यानंतरच सुरू होते. मिलचे रोलर बाहेर निघतात, कटरची पाती आणि फायबरायझरचे हातोडे उतरतात, पाइपा उघडतात. मग दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटेपर्यंत या ना त्या कोपऱ्यात वेल्डिंग चालूच असते. त्या वेल्डिंगबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे, दोन एकर ऊस लावणारा साधा सभासद आहे. उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

माझा पुतण्या मागे एका बिगर हंगामात कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागला होता. कारखाना कुठला ते विचारू नका, सांगणार नाही. पोरगा वेल्डर नव्हे. त्याचे काम गंजलेले बोल्ट घासून साफ करायचे. पाच-सहा हातांवर दुसरा गडी पाइपला वेल्डिंग करीत होता. संध्याकाळी पोरगा घरी आला, भाकरी खाल्ली, झोपला. रात्री एकच्या सुमाराला ओरडतच उठला, "तात्या, डोळ्यात कुणी वाळू वतलीया वो!" डोळे लालभडक, पाण्याची धार, दिव्याकडे बघवेना. त्याच्या आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, गुलाबपाणी झाले, शेजाऱ्याने आणखी काही सुचवले. काय काय केले ते लिहायलाही लाज वाटते. उजाडल्यावर तालुक्याला नेले. दोन दिवसांत डोळे उघडले, पण दोन दिवसांचा खाडा पडला तो पडलाच, हजेरी कापली गेली.

पोरगा शपथेवर सांगत होता, "मी तिकडं बघितलंच न्हाई." आणि ते खरेच होते. वेल्डिंगच्या झोतात जे अतिनील किरण असतात ते दिसत नाहीत. टक लावून बघितले तरच लागतात असेही नाही. बाजूने येतात, चकचकीत पत्र्यावरून, पांढऱ्या भिंतीवरून उलटून येतात. दिवसभरात थोडे थोडे करून जे लागेल त्याची बेरीज होते. बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाला ते भाजतात, उन्हाने कातडी भाजावी तसे. त्याचा त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी होतो. म्हणूनच माणूस दिवसा हसत काम करतो आणि मध्यरात्री घर जागे करतो. त्या वेळी डोळे चोळू नयेत. दुकानातून बधिर करणारे थेंब आणून वरचेवर घालू नयेत, त्याने दुखणे थांबल्यासारखे वाटते पण जखम भरायला उशीर लागतो. सरळ डॉक्टर गाठावा.

आता मुद्दा असा, की वेल्डरच्या तोंडावर काळ्या काचेचे हेल्मेट असते. निदान हातात शील्ड तरी असते. ती काच एका माणसाची. उजेड मात्र सगळ्यांना सारखा वाटला जातो : शेजारचा फिटर, पाना देणारा पोरगा, झाडूवाली बाई, वरच्या जिन्यावरून जाणारा केमिस्ट. या सगळ्यांना दिवसभर काळी काच लावून काम करता येणार नाही, त्यांना त्यातून काही दिसणारच नाही. त्यांच्यासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे वेल्डिंगभोवती पडदा.

पडदा म्हटल्यावर काही मंडळी हसतील. तमाशाचा फड आहे काय, असेही कुणी म्हणेल. पण हा पडदा वेगळा. जाड, लवचिक, नारिंगी किंवा गर्द हिरवा. पलीकडे माणूस काम करतोय एवढे त्यातून दिसते, पण अतिनील किरण अडतात. स्वतः सहजी पेट घेत नाही, ग्रायंडरच्या ठिणग्याही झेलतो. चाकांच्या चौकटीवर लावला की आज वर्कशॉपात, उद्या पॅनच्या मजल्यावर नेता येतो. अशा पडद्यांसाठी आयएसओ २५९८० या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ साली निघालेले आहे. खरेदी खात्याने ऑर्डरवर तेवढा आकडा लिहिला तरी पुष्कळ झाले, नाहीतर रंगीत प्लॅस्टिक गळ्यात मारणारे व्यापारी टपलेलेच असतात. मात्र हा पडदा वेल्डरच्या काचेची जागा घेत नाही. झोतापासून किमान एक मीटर दूर तो असावा, आणि खाली-वर मोकळी जागा राहावी, नाहीतर आतला माणूस धुरात कोंडायचा. पडदा जमिनीला टेकवून चारी बाजू बंद करणारा शहाणाही भेटतो, म्हणून लिहिले.

आपल्याकडे पडद्याऐवजी काय लावतात हे पाहिलेल्यांना माहीत आहे. साखरेची रिकामी पोती! तागाचे पोते ठिणगीने आतल्या आत धुमसत राहते, प्लॅस्टिकचे वितळून पेटते थेंब खाली टाकते. आणि खाली असतो बगॅसचा भुसा. त्यापेक्षा काही न लावलेले बरे म्हणायची वेळ यावी!

सगळ्यात अवघड ठिकाण मिल हाऊस आहे, हे कबूल केले पाहिजे. रोलरचे दात झिजून गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, मिल नीट खात नाही. मग चालू मिलवर, रोलर फिरत असताना, रस गळत असताना, वेल्डर दातांवर वेल्डिंगचे टाके टाकून ते खरबरीत करतो. त्याला रोलर आर्किंग म्हणतात. हे काम ऐन हंगामात चालते, आणि त्याच मिलला पाहायला आपण पाहुणे घेऊन जातो, शाळेच्या सहली जातात. फिरत्या रोलरजवळ लोंबता पडदा लावणे म्हणजे तो आत ओढला जाण्याची भीती, असे जाणकार सांगतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पण रोलरला पडदा चिकटवा असे कुणी म्हणत नाही. माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेकडून, कठड्याला घट्ट आवळलेल्या चौकटीत तो बसवता येईल. झोताच्या सरळ रेषेत वाट येऊ नये, एवढेच साधायचे आहे. आपल्या इंजिनियर साहेबांनी याहून अवघड कामे केली आहेत.

ही काही आजची नवी टूम नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या रक्षणाचे होते. जादा उजेडाने डोळ्याला धोका असेल तिथे परिणामकारक आडपडदे किंवा योग्य चष्मे देण्याचा नियम राज्य सरकारने करावा, अशी तरतूद त्यात होती, आणि ती काम करणाऱ्यासाठीच नव्हे तर त्या कामाच्या लगत असणाऱ्यांसाठीही. 'लगत' हा शब्द महत्त्वाचा. प्रवरानगरला पहिले गाळप झाले ते १९५०-५१ च्या हंगामात. म्हणजे आपल्या सहकारी कारखानदारीपेक्षा हे कलम वयाने थोरले! कायदे पुढे बदलतात, पण लगतच्या माणसाची आठवण ठेवायला कायद्याची वाट बघावी असे कुठे आहे?

खर्चाचे म्हणाल तर एका वेल्डिंग मशीनच्या किमतीपुढे पडदा किरकोळ आहे. सर्वसाधारण सभेच्या मांडवावर आपण किती घालवतो ते अहवालात छापलेले असते, मी पुन्हा सांगत नाही. 'कंत्राटदाराची माणसे, त्यांचे त्यांनी बघावे' असेही उत्तर येईल. पण ही माणसे म्हणजे बहुतेक आपलीच पोरे. आणि हंगामात वर्कशॉपच्या उघड्या दारात, बैलगाड्यांच्या रांगेतून सुटून, तोडणी मजुरांची लेकरे ती निळी चमक बघत उभी असतात, त्यांचा कंत्राटदार कोण?

ट्रॉलीचा हूक तुटला की आपणही रस्त्याकडेच्या वेल्डिंग दुकानात जातो आणि नातवाला शेजारी उभा करतो. मीही केला आहे. आता करीत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी एक ठराव लिहून तयार केला आहे : वर्कशॉप, मिल हाऊस आणि बॉयलिंग हाऊस येथे वेल्डिंगचे पडदे घ्यावेत, आणि कंत्राटाच्या अटींतही ते घालावेत. मुदतीच्या आत तो कार्यालयात द्यायचा आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा मोकळी आहे. ज्या सभासदाला सही करायची असेल त्याने गट ऑफिसात निरोप ठेवावा, कागद घेऊन मी घरी येईन.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद