पुरस्कार कोणत्या बातमीला?

विज्ञान सोप्या भाषेत सांगणाऱ्यांचा गौरव करण्याची परंपरा जुनी आहे. बिजू पटनाईक यांच्या देणगीतून युनेस्कोने १९५२ मध्ये कलिंग पुरस्कार सुरू केला. १९९६ मध्ये तो डॉ. जयंत नारळीकर यांना मिळाला. अमेरिकेतील एएएएस संस्थेचे विज्ञान पत्रकारिता पुरस्कार २०१५ पासून जगभरच्या पत्रकारांना खुले आहेत. हे सारे स्वागतार्हच. पण चंद्रपूर-गडचिरोलीत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला विचाराल, तर उत्तम विज्ञानवार्तेची कसोटी वेगळी आहे: ती ऐकून माणूस वेळेत रुग्णालयात पोहोचला का?

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना फारशी नसते, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडखळतो. घरच्यांना अपचन वाटते किंवा ते पुजाऱ्याकडे धावतात. तेवढ्यात मोलाचे तास जातात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

अशा वेळी ‘मुळी उगाळून विष उतरले’ ही बातमी घातक ठरते. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडत नाही. म्हणून मुळीला यश आल्यासारखे दिसते. हे उलगडून सांगणारा, ‘करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करा’ असे रोवणीच्या आधी बजावणारा वार्ताहर खरा विज्ञान पत्रकार.

बातमीची ताकद या भागाने पाहिली आहे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू उजेडात आणले. वृत्तपत्रांनी विषय लावून धरला आणि शासनाला समिती नेमावी लागली. आकडे संशोधकांचे होते. ते घराघरांत नेले पत्रकारांनी.

प्रश्न भाषेचाही आहे. गोंडी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. माडिया बोलणाऱ्या आजीला मराठीतला आरोग्य कार्यक्रम निम्माच कळतो. तिच्या भाषेतील पाच मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम शहरातल्या चकचकीत माहितीपटाइतकाच सन्मानास पात्र आहे.

म्हणून एक सूचना. जिल्हा प्रशासनाने २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, स्थानिक आरोग्यवार्तेसाठी पुरस्कार द्यावा. गोंडी, माडिया आणि झाडीबोलीला त्यात स्वतंत्र स्थान असावे. निवड समितीत डॉक्टर आणि संपादकांबरोबर आशा कार्यकर्तीही हवी, कारण गावात काय समजले आणि काय नाही हे तिला ठाऊक असते. निवडलेला कार्यक्रम जूनमध्ये, पाऊस सुरू होताच, पुन्हा प्रसारित व्हावा. खर्च किरकोळ आहे. मानचिन्ह कपाटात राहील, पण ती पाच मिनिटे झोपडीपर्यंत पोहोचतील.