म्हातारपण आणि महापालिका

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक शहर उभे चिरले आहे. इंदिरानगरच्या रहिवाशाला पलीकडे गोविंदनगरास जावयाचे तर ज्या बोगद्यातून जावे लागते, तो वाहतूक-कोंडीसाठी साऱ्या शहराला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून एकेरी वाहतुकीचे प्रयोग झाले, निवेदने दिली गेली, अधिकाऱ्यांच्या पाहण्या झाल्या. या साऱ्या खटाटोपात मोजणी झाली ती वाहनांची. काठी टेकीत चालणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तेवढे अंतर कापावयास किती वेळ लागतो आणि त्या वेळात त्याच्या जिवाची हमी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न या मोजणीत कोठे बसला नाही. नियोजनकर्त्यांच्या मनातील नागरिक हा नेहमीच धडधाकट आणि बहुधा वाहनावर स्वार असतो, हे त्याचे साधे कारण आहे.

आणि इंदिरानगर तर झपाट्याने म्हातारे होत आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या त्या काळात कारखान्यांतील कामगारांनी, कारकुनांनी, शिक्षकांनी कर्ज काढून येथे घरे घेतली. त्यांतील अनेक इमारती तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या. पस्तिशीत ज्या जिन्याचे काही वाटले नाही, तोच जिना आज घरकोंडीला कारण होतो. मुले पुण्यात, मुंबईत, काहींची परदेशात. हाकेच्या अंतरावर वडाळागाव आहे. तेथील म्हातारपण आणखी वेगळे. तेथे पासष्टीची बाई अजून चार घरची भांडी घासते, कारण काम सोडले तर खायचे काय, याला तिच्याजवळ उत्तर नाही.

या दोन्ही म्हातारपणांसाठी आपल्या नगरपित्यांना सुचलेला उपाय एकच: विरंगुळा केंद्र. वर्तमानपत्रे, कॅरमबोर्ड, उद्यानात चार बाके आणि त्या बाकांवर देणगी दिल्याच्या थाटात लिहिलेले नगरसेवकाचे नाव. वास्तविक पैसा करदात्यांचाच. आम्ही विरंगुळ्याचे वैरी नाही. एकाकी माणसाला दोन घटका बोलावयास कोणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि जॉगिंग ट्रॅकवर सकाळी जमणारी मंडळी पाहून कोणालाही बरे वाटेल. परंतु विरंगुळा हा ज्याची भाकरी सुटलेली आहे आणि ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याच्या उपयोगाचा. केंद्रापर्यंत जे पोहोचूच शकत नाहीत, ते या योजनेच्या बाहेर राहतात. स्त्रिया तर दुहेरी बाहेर: त्यांना निवृत्तीचे वयच नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र उद्बोधक आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या 18 विषयांची बारावी अनुसूची घटनेत आली. तीत स्मशानभूमी आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे, कोंडवाडेही आहेत. वृद्धांचा शब्दाने उल्लेख नाही. ‘दुर्बल घटकांचे हितरक्षण’ या मोघम शब्दांत त्यांना कोंबावे लागते. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाने मुलांवर पोटगीची जबाबदारी स्पष्ट शब्दांत टाकली. शासनाने मात्र जिल्ह्यास एक, दीडशे निराधारांसाठीचे वृद्धाश्रम ‘स्थापन करू शकेल’ एवढीच मोकळीक स्वतःस घेतली. मुलाला सक्ती आणि सरकारला ऐच्छिक! राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण 2013 मध्ये आले, 2018 मध्ये त्यावर सविस्तर शासन निर्णयही निघाला. धोरण मुंबईत ठरते. पदपथ, शौचालय, दवाखाना आणि बसथांबा मात्र महापालिकेच्या हाती असतो, आणि म्हातारपण या चार गोष्टींतच सुसह्य वा असह्य होते.

2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ते संरक्षण इस्पितळात खाटेवर पडल्यानंतरचे आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, अंथरुणाला खिळलेल्याची जखम धुणे यांसाठी वॉर्डातला दवाखाना आणि घरी येणारी परिचारिका हवी. हे अशक्यप्राय नाही. केरळने 2008 मध्ये परिहारसेवेचे धोरण स्वीकारले आणि तेथील ग्रामपंचायती व नगरपालिका परिचारिकेला रुग्णाच्या घरी पाठवू लागल्या. केरळची तिजोरी काही आपल्याहून भरलेली नाही. तेथे निराळे होते ते एवढेच की स्थानिक संस्थांच्या हाती पैसा दिला गेला आणि लोकांनी त्याचा हिशेब मागितला.

पैसा नाही, ही सबब नाशिकमध्ये तरी कोणी सांगू नये. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांचे आणि पुलांचे हजारो कोटींचे आराखडे होतात. यात्रेकरूंची सोय व्हावी, यास आमची ना नाही. परंतु त्या रस्त्यांच्या कडेला चालता येण्याजोगा, उतार असलेला पदपथ करण्यास वेगळा कुंभ लागत नाही. दिव्यांगांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात टक्केवारीने निधी राखून ठेवावा लागतो. वृद्धांसाठीही तसा निधी राखला गेला पाहिजे, आणि तो बाकांवर व कमानींवर न उडता दवाखाना, गृहभेटी आणि स्वच्छतागृहे यांवरच खर्च व्हावा, अशी अट त्यास हवी.

श्रावणबाळ योजनेचे मासिक अनुदान 2023 मध्ये दीड हजार झाले. परंतु तिची वार्षिक उत्पन्नाची 21 हजारांची मर्यादा पाहा: महिन्याला 1750 रुपयांहून अधिक मिळकत असलेल्या कुटुंबातील म्हातारा त्या हिशेबाने गरीबच ठरत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्यासाठी भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत 2014 साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते हजार रुपयांचे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या वतीने 2012 मध्ये दिल्लीत सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी केली, ती याच अन्यायापोटी. तो लढा महापालिकेच्या आवाक्याबाहेरचा आहे हे खरे. पण अर्ज भरून घेणे, दाखल्यांसाठी वॉर्डातच शिबिर लावणे हे तिला करता येते.

अडचण आणखी एक आहे. 2011 नंतर जनगणनाच झाली नाही. तेव्हा राज्यातील दर दहा माणसांत सुमारे एक साठीपुढचा होता. आज इंदिरानगरात किती आहेत, एकटे किती राहतात, वरच्या मजल्यावर अडकलेले किती, याची यादी कोणाकडे नाही. 2022 च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. 2026 च्या जानेवारीत निवडणूक होऊन लोकनियुक्त सभागृह पुन्हा आले. आता जाब विचारावयास माणसे आहेत.

आपल्या कार्यकर्त्यांनी ही यादी स्वतःच करावी. चेतनानगर, राजीवनगर आणि वडाळागाव येथे घरोघर जाऊन, विरंगुळा केंद्रात येणाऱ्यांना सोबत घेऊन, विशेषतः जे तेथे येत नाहीत त्यांच्या दारी जाऊन. आणि क्षेत्रसभेची जी तरतूद कायद्यात 2009 पासून कागदावर पडून आहे, ती सभा बोलावण्याची मागणी करून ही यादी, नावांची गुप्तता राखून, नगरसेवकांच्या समोर ठेवावी. सभा तळमजल्यावर भरवावी, म्हणजे ज्यांच्याविषयी ती आहे त्यांनाही येता येईल.