प्रश्न नेईल तिकडे

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी प्रथा मराठीत रूढ केली, तिच्याबरोबर एक अलिखित दंडकही रूढ होऊन बसला आहे. तो असा की, संपादकाने अंकाच्या प्रारंभी सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडावा, कागदाच्या दराबद्दल थोडी कुरकुर करावी, लेखक व जाहिरातदार यांचे ऋण मान्य करावे आणि वाचकांस शुभचिंतन करून बाजूस व्हावे. ऋण आम्हांसही मान्य आहे आणि कागदही महागच आहे. परंतु यंदा ही जागा आम्ही एका वेगळ्या विषयासाठी अडवून धरणार आहोत. नियतकालिकाने वाचकाला नेमके काय द्यावे, हा प्रश्न या धंद्यात पडलेल्या प्रत्येकास कधी ना कधी छळतोच. करमणूक द्यावी, माहिती द्यावी, उपदेश द्यावा, अशी उत्तरे आमच्या पूर्वसूरींनी आपापल्या मगदुराप्रमाणे दिली. आमचा कौल निराळा आहे, आणि तो ज्या दाखल्यावर बेतला आहे तो सांगण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे, पोर्तुगीज अमलातील गोव्यात जावे लागेल.

सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी विशीत असताना घरच्या नारळीच्या बागांची देखभाल करीत होते. शिक्षण गावच्या शाळेपुरते, आणि ज्ञानचर्चेला योग्य असा सहवास आसपास जवळजवळ नाही. अशा स्थितीत १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यात आलेले बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांनी वाचले. मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे, वाचक गोव्यातील सारस्वत आणि चरित्र भगवान बुद्धाचे; या तिहींच्या संगमातून पुढे भारतातील पाली विद्येचा एक आधारस्तंभ उभा राहील, हे त्या अंकाच्या संपादकाच्या स्वप्नातही आले नसेल. (त्या सहव्यवसायी गृहस्थाचा आम्हांस हेवा वाटतो, हे येथेच नमूद करून ठेवतो.) त्या चरित्राने धर्मानंदांना बुद्ध कळला असे नव्हे, तो आपणांस किती थोडा ठाऊक आहे, हे मात्र पुरते कळले.

१८९९ साली, पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून, त्यांनी घर सोडले. पुण्यास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. संस्कृतावाचून गती नाही असे दिसताच ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत असेल या समजुतीने तेथवर गेले, तो तेथील अवस्था पाहून निराशाच पदरी आली. मग बुद्धगया, तेथून १९०२ साली सिंहलद्वीप, तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली, आणि त्यापुढे ब्रह्मदेश. कलकत्त्यास पालीचे अध्यापक झाल्यावरही ती नोकरी सोडून, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करणे त्यांनी पत्करले. आणि हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन पुरे करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाला याच मनुष्याची याद झाली. ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी हा सगळा तपशील कोणताही अभिनिवेश न आणता दिला आहे. असल्या प्रवासाची किंमत घरी राहिलेल्या माणसालाही मोजावी लागते आणि चरित्रकार ती बहुधा अर्ध्या वाक्यात उरकतात. बाळाबाईंचे नाव म्हणून येथे पुन्हा लिहीत आहोत.

आम्हांस या हकिकतीत जे विशेष दिसते ते हे की, धर्मानंदांनी निघताना कोणताही आराखडा आखलेला नव्हता. काशीला पोचल्यावर नेपाळची गरज भासली, नेपाळने ती समजूत खोटी पाडली तेव्हा सिंहल दिसले, आणि सिंहलात गेल्यावर कोणती भाषा शिकावयाची हे ठरले. प्रत्येक मुक्कामाने त्यांच्या हाती उत्तर कमी आणि आपल्या उणिवेची यादी अधिक दिली, आणि ती यादी ते मुकाट्याने भरून काढीत गेले. जिज्ञासेला साधन म्हणावयाचे असेल तर या अर्थानेच म्हणावे. कारण नुसती उत्सुकता ही कोणालाही, रस्त्यावर भांडण लागले असताना गॅलरीत येऊन उभे राहणारालाही, असतेच.

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर यांच्या वाट्याला अगदी निराळे आयुष्य आले. १९०७ साली गोव्यात जन्म, शिक्षण अमेरिकेत, १९२९ साली हार्वर्डची पदवी, आणि काशी व अलीगढ येथे काही काळ घालवून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची अध्यापकी. गणिताच्या अध्यापकाला जुन्या नाण्यांशी काय कर्तव्य, असे कोणीही विचारील. परंतु संख्याशास्त्र केवळ सूत्रांनी आत्मसात होत नाही, त्याला तोलावयास व मोजावयास खरी सामग्री लागते. ती शोधता शोधता ते तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या आहत नाण्यांच्या ठेवींपाशी येऊन थांबले. चांदीचे ओबडधोबड तुकडे, त्यांवर राजाचे नाव नाही की सन नाही. एका बाजूस चिन्हांचा एक समूह आणि दुसऱ्या बाजूस लहान लहान ठसे. चिन्हांचा अर्थ लावण्यात विद्वानांची प्रतिभा पुष्कळ खर्ची पडली होती. कोसंबींनी तराजू जवळ केला.

नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा चांदीचा दृष्टीस न पडणारा अंश झिजतो. तेव्हा जे नाणे अधिक काळ चलनात राहिले ते अधिक हलके भरणार, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही काळाबरोबर वाढत जाणार. हे अनुमान खरे की खोटे ते पारखण्यासाठी त्यांनी आधी चालू चलनातील, ज्यांवर सन छापलेला आहे अशी हजारो नाणी एकेक करून तोलली. नियमाची खातरजमा झाली, मगच ते प्राचीन नाण्यांकडे वळले. तेथे त्यांस असे आढळले की, मागील बाजूस ठसे जितके अधिक तितके नाण्याचे वजन कमी. अर्थात हे ठसे काही काही काळाने नाणे पारखणाऱ्यांनी, बहुधा व्यापाऱ्यांनी, उमटविलेले असले पाहिजेत, आणि त्यांच्या संख्येवरून नाण्यांचा पूर्वापर क्रम लावता येतो. ज्या धातूवर एक अक्षर नव्हते त्यावरून कालक्रम काढावयाचा, आणि तोही अशा रीतीने की कोणीही पुन्हा तोलून त्याची शहानिशा करावी, ही युक्ती आम्हांस कोणत्याही रहस्यकथेहून अधिक मोहक वाटते.

एखादा येथे थांबला असता. परंतु क्रम लागला तरी ही नाणी पाडली कोणी, हे उरलेच. त्या राजांची नावे पुराणांत, पाली व जैन ग्रंथांत विखुरलेली आणि त्यांत एकवाक्यता नाही, तेव्हा ग्रंथ मुळातून वाचणे आले व त्यासाठी संस्कृतचा व्यासंग आला. सरावासाठी भर्तृहरीची सुभाषिते हाती घेतली, तो पोथ्यापोथ्यांतून पाठ जुळेना. म्हणून शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८ साली त्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. असे श्लोक रचणारा कवी कोणाच्या आश्रयाने जगत होता, या प्रश्नाने त्यांना समाजरचनेकडे नेले. आणि समाजरचनेचा पुरावा पोथ्यांत अपुरा आहे असे दिसताच हे प्रौढ गणिती पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि माळ तुडवू लागले. शेंदूर फासलेल्या दगडापुढे उभे राहून ते तेथील मनुष्यास विचारीत की, हा देव येथेच का, पलीकडच्या ओढ्यावर का नाही? पंढरीच्या पालखीच्या वाटेवर त्यांना अश्मयुगातील बारीक हत्यारे सापडली आणि ही वाट वारकरी संप्रदायाहून पुष्कळ जुनी असावी असे अनुमान त्यांनी बांधले. त्यांच्या निष्कर्षांविषयी पंडितांत वाद आहेत, आणि ते असावेत. परंतु १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर इतिहासाला प्रश्न विचारण्याची रीतच पालटली, हे त्यांच्या विरोधकांसही नाकारता आलेले नाही. मध्यंतरी, १९४४ साली, गुणसूत्रावरील जनुकांचे परस्परांतील अंतर काढण्याचे एक सूत्र त्यांनी मांडले, ते त्यांच्याच नावाने आनुवंशशास्त्रात आजही वापरतात. पण तो जणू वाटेवरचा चहा होता.

याच कोसंबींच्या आयुष्यातील एक प्रकरण सांगितल्यावाचून ही कैफियत पुरी होणार नाही. रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ साली मांडलेले एक गृहीतक आजही अनिर्णीत आहे. ते आपण सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी बरोबर शंभर वर्षांनी, कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांतील त्यांच्या प्रतिष्ठेस त्यामुळे मोठा धक्का बसला. हजारो नाणी तोलल्यावाचून ज्याने एक साधे अनुमान मान्य केले नाही, त्याच मनुष्याला आपले सर्वांत धाडसी अनुमान पारखून घेणारा तराजू या वेळी जवळ करता आला नाही, असेच म्हणावे लागते. मोठ्या माणसाची चूक उच्चारली की आपल्याकडे भक्तमंडळींस पाप लागते. आम्हांस मात्र वाटते की या चुकीसकटच कोसंबी शिकण्यासारखे आहेत. प्रश्न कितीही उत्कट असला तरी त्याच्या उत्तराचा फैसला प्रश्नकर्त्याने स्वतःच करावयाचा नसतो, ही गोष्ट त्यांच्या यशाइतकीच त्यांच्या अपयशातूनही दिसते.

आणखी एक दाखला, थोडक्यात. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली नामक मुलाने एक चिमणी मारली, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा कोणता पक्षी, हे घरात कोणास सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्ड यांनी पक्षी ओळखला, आणि एवढ्यावर त्या मुलाची बोळवण न करता संस्थेच्या संग्रहातील पक्ष्यांचे खण त्याच्यापुढे उघडले. पुढे १९३० साली जर्मनीहून पक्षिविद्या शिकून परतलेल्या त्याच सालिम अलींना मुंबईत नोकरी उरली नाही, तेव्हा ते अलिबागेजवळ किहीम येथे जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीत हातावर हात ठेवून बसावे, की समोर चालले आहे ते पाहावे? त्यांनी पाहिले, महिनोन्महिने पाहिले, आणि नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर तेथे राहते, आणि मग ते पुरे करून नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो, हा सारा व्यवहार त्यांनी उलगडून मांडला. परदेशी प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. एक झाड, एक वही आणि पुष्कळ सवड.

या तिन्ही हकिकतींत आमचे लक्ष वरचेवर जाते ते मिलर्ड यांच्याकडे. दारात उभ्या राहिलेल्या मुलास, चिमणीच आहे, घरी जा, असे सांगणे किती सोपे होते! आपल्या घरांतून आणि शाळांतून हेच सोपे काम पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने चालले आहे. नसत्या चौकश्या करू नकोस, हे वाक्य ज्याने बालपणी ऐकले नाही असा मराठी मनुष्य विरळा. आणि त्याच मुलाकडून पुढे संशोधनाची, नव्या उद्योगाची, स्वतंत्र बुद्धीची अपेक्षा आपण बाळगतो. परीक्षेत प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वस्वी परीक्षकाकडे, आणि विद्यार्थ्याने फक्त उत्तरे पाठ करावयाची, ही तजवीज ज्याने प्रथम केली त्याला मनुष्यस्वभावाची मोठी भीती वाटत असली पाहिजे. अलीकडे खिशातल्या यंत्रावर बोट फिरवताच उत्तर येते, याविषयी पुष्कळ आनंद व्यक्त होतो. आम्हीही ते यंत्र वापरतो आणि त्याची निंदा करणे हे ढोंग होईल. तथापि धर्मानंदांना सांखवाळलाच बसल्याजागी बुद्धधर्माचे दहा ओळींचे सार मिळाले असते तर ते काशीला गेले असते काय, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. कदाचित गेलेही असते. त्या घराण्याची जातकुळीच तशी होती. पण तेवढी तहान नसलेल्या आपल्यासारख्यांचे काय?

सबब यंदाच्या अंकासाठी लेखकांस निमंत्रणे पाठविताना आम्ही एकच विनंती केली: आपणांस काय ठाऊक आहे ते नको, आपणांस काय कळेनासे झाले आणि त्यापायी आपण काय काय केले ते लिहावे. काहींनी विनंती मानली, काहींनी तिच्याकडे दुर्लक्ष करून नेहमीचाच मजकूर धाडला. तो चांगला होता, म्हणून छापला आहे. एक कथा, दोन प्रवासवर्णने आणि विहिरीच्या पाण्याविषयीचा एक लेख मात्र आमच्या मनासारखा साधला आहे. ते कोणते, हे वाचकांनी ओळखावे.

दीपावलीच्या या मंगल समयी वाचक, लेखक, मुद्रक, जाहिरातदार व विक्रेते या सर्वांस आमचे शुभचिंतन. अंकाचे शेवटचे पान कोरे सोडले आहे, ते छापखान्याच्या नजरचुकीने नव्हे. त्यावर आपला एक प्रश्न लिहून पान कापून आमच्याकडे पाठवावे. अटी तीनच: प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीविषयी असावा, त्याच्या उत्तरासाठी आपण आजवर काय खटपट केली ते दोन ओळींत नमूद करावे, आणि खाली गावाचे नाव असावे. उत्तरे देण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. निवडक प्रश्न पाडव्याच्या अंकात छापू, आणि ज्या वाचकास दुसऱ्याच्या प्रश्नाविषयी काही ठाऊक असेल त्याने थेट आम्हांस लिहावे. पत्ता दुसऱ्या पृष्ठावर आहे.