शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा

'शुश्रूषा' हा शब्द आता आपण रुग्णसेवेपुरताच वापरतो. वस्तुतः तो 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेला आहे. मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. व्युत्पत्तीच्या तासाला हे आम्ही कित्येकदा सांगितले असेल. त्याचा प्रत्यय मात्र घरी, बाबांच्या खाटेशी आला, आणि तो देणारी बाई सातवीपर्यंत शिकलेली होती.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पक्षाघातानंतर बाबांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. उरला एकच शब्द : 'नाही'. पाणी हवे असले तरी 'नाही', कूस बदलायची असली तरी 'नाही'. आम्ही दर वेळी तो कोशातल्या अर्थाने घेत राहिलो आणि बाबा चिडत राहिले. ब्यूरोतून आलेल्या मावशींनी आठवडाभरात त्या एका शब्दाचे चार-पाच उच्चार वेगळे ओळखले. लांबवलेला 'नाही' तहानेचा, तुटक 'नाही' ओल्या चादरीचा. अर्थ संदर्भाने ठरतो, हे आम्ही वर्गात शिकवतो!

दर दोन तासांनी कूस बदलणे, रुग्णाला न उचलता अंगाखालची चादर एका बाजूने गुंडाळत काढणे, माकडहाडाजवळची कातडी लाल दिसताच सावध होणे, ठसका लागू नये म्हणून घास भरवताना हनुवटी खाली ठेवायला लावणे : हे कौशल्य आहे. त्याला 'माया' म्हटले की त्याचे मोल ठरवण्याची जबाबदारी टळते. 'मावशी' या संबोधनातही हीच गोम आहे. नाते बहाल केले की सुट्टी मागणे कृतघ्नपणाचे ठरते. बारा तासांची पाळी, त्यातून ब्यूरोचे कमिशन, आणि आमच्या बाजूने जुन्या साड्या व दिवाळीचा फराळ. 'अगदी घरच्यासारख्या आहेत', असे आम्हीही पाहुण्यांना सांगत होतो. घरच्यांचे ताट मात्र वेगळे ठेवलेले नसते.

मराठी साहित्याने वार्धक्याकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणणार नाही. 'नटसम्राट' (१९७०) आहे, जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आहे. मुलांवाचून एकाकी झालेले आईवडील हा आपला आवडता शोक. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेला कायदाही प्रामुख्याने मुलांच्या आणि वारसांच्या कर्तव्याविषयीच बोलतो. पण ज्या घरात मुलांनी पाठ फिरवलेली नाही, ती फक्त नोकरीवर गेली आहेत, तिथे दिवसभर खाटेशी कोण असते? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको लेकरासारखे सांभाळते. मात्र ती पगारी नाही. मध्ये व्यवहार नसल्यामुळे तिचे वात्सल्य आपल्याला निर्मळ वाटते. आमचा प्रश्न पगार घेणाऱ्या बाईविषयी आहे. पैसे घेऊन केलेले ऐकणेही खरे असू शकते, हे मान्य करणे आपल्या अभिरुचीला जड जाते. दलित, ग्रामीण, स्त्रीवादी अशा सगळ्या प्रवाहांवर व्याख्याने देणाऱ्या आम्हालाही ते जडच गेले.

बाबा गेले त्या सकाळी मावशींनीच त्यांचे डोळे मिटले. ब्यूरोने दुसऱ्या दिवसापासून त्यांना दुसऱ्या घरी लावले. पाळी बुडाली की पैसे बुडतात. वर्तमानपत्रातल्या निधनाच्या निवेदनात आम्ही अमेरिकेतल्या भाच्यापर्यंत सर्वांची नावे घातली. मावशींचे नाव घालावे असे सुचले नाही. सुचले असते, तरी पूर्ण नाव विचारायला ब्यूरोला फोन करावा लागला असता.

त्यांनी ठेवलेली शंभर पानी वही आमच्याकडे राहिली आहे. पहिल्या पानावर बाबांचे नाव, औषधे, डॉक्टरांचा नंबर. पुढे अकरा महिन्यांच्या नोंदी : किती वाजता कोणती कूस, किती पाणी, किती लघवी; मध्येच 'आज दोनदा हसले'. लिहिणारीचे नाव कुठेच नाही.