विश्लेषण : गाडीला चमक हवी की संरक्षण? रबिंग, वॅक्स, सीलंट, सिरॅमिक... आधी काय, नंतर काय?

सर्व्हिस सेंटरच्या बिलातली 'रबिंग-पॉलिशिंग'ची ओळ गाडीच्या रंगाचे नेमके काय करते? वॅक्स आणि सीलंट यांत फरक काय? आणि नव्या गाडीसोबत गळ्यात मारले जाणारे कोटिंग खरेच हवे का?

बाबांची गडद निळी हॅचबॅक यंदा सात वर्षांची झाली. दर सर्व्हिसिंगच्या बिलात एक ओळ ठरलेली असायची : 'रबिंग अँड पॉलिशिंग'. गाडी घरी आली की तिच्यात तोंड दिसायचे आणि बाबा खूश व्हायचे. तीन आठवड्यांत चमक उतरायची. पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा तीच ओळ.

यंदा बॉनेटच्या कडेला रुपयाएवढा पांढुरका डाग दिसला. ''पॉलिश करून घेऊ, जाईल,'' बाबा म्हणाले. पॉलिशला देण्याआधी मी एका मित्राच्या डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमधून रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र आणले. छतावर ११८ मायक्रॉन, दरवाजावर ११०, बॉनेटच्या त्या कडेला ७१. छताला आणि दरवाजाला मशीन कमी लागले होते, बॉनेटला दर वेळी. चमक मिळते म्हणून आम्ही सात वर्षे पैसे देऊन रंगच घासून काढत होतो.

असे अनेकांच्या गाड्यांचे होत असणार. म्हणून हा सगळा मामला क्रमाने समजून घेऊ.

गाडीचा रंग म्हणजे नेमके काय?

आजच्या गाडीचा रंग चार थरांचा असतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. क्लिअर कोट त्यातला ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीचे उन्हापावसापासून रक्षण करणारा थर केसापेक्षाही पातळ आहे.

चमक असते ती या क्लिअर कोटची. अतिनील किरण शोषून घेणारी रसायनेही याच थरात असतात. हा थर एका जागी संपला, की खालचा रंग उन्हात उघडा पडतो आणि पांढुरका डाग दिसतो. तो डाग कोणत्याही पॉलिशने जात नाही. तो भाग पुन्हा रंगवणे एवढाच उपाय उरतो. झिजलेला क्लिअर कोट परत वाढत नाही, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

धूळ गेली, म्हणजे गाडी स्वच्छ झाली का?

नाही. गाडी धुऊन, पुसून कोरडी करा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटे हलकेच फिरवा. खरखर जाणवली, तर रंगाला चिकटलेली घाण तशीच आहे. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, रेल्वे रुळांजवळची लोहधूळ, झाडाचा चीक, डांबराचे ठिपके. या घाणीवर वॅक्स लावणे म्हणजे न धुतलेल्या भांड्याला कल्हई करणे.

इथे तीन वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाला वेगळे साधन लागते.

पहिले शाम्पू. तो गाडीचाच हवा, पीएच न्यूट्रल. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरली, तर आधी लावलेले वॅक्स धुऊन जाते. काही ठिकाणी चमकीसाठी पाण्यात रॉकेल किंवा डिझेल मिसळतात. त्याने दिवसभर तकाकी येते, पण त्या तेलकटपणावर धूळ अधिक बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात.

दुसरे लोहकण काढणारा द्रव, म्हणजे आयर्न रिमूव्हर. त्यातले थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी अभिक्रिया करून जांभळे होते. पांढऱ्या गाडीवर हे जांभळे ओघळ बघण्यासारखे असतात. वास मात्र सडक्या अंड्याची आठवण करून देणारा. हातमोजे घाला, गाडी थंड आणि सावलीत असू द्या, द्रव वाळायच्या आत धुऊन टाका.

तिसरा क्ले बार. मातीच्या गोळ्यासारखा हा लगदा भरपूर शाम्पूचे पाणी किंवा त्याचा खास स्प्रे मारून रंगावर हलक्या हाताने फिरवायचा. चिकटलेली घाण तो उचलून घेतो. जमिनीवर पडला तर कितीही महाग असो, फेकून द्या. त्यात घुसलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघा ओढेल.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना पांढरे ठिपके ओळखीचे असतील. पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. ताजे ठिपके पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून पुसले, तर बहुतेक निघतात. लगेच साध्या पाण्याने धुवा. मुळात उन्हात गाडी धुऊ नका आणि धुतल्यावर आपोआप वाळू देऊ नका.

पेंट क्लीनर, पॉलिश, कंपाउंड : सगळे एकच का?

दुकानात हे डबे शेजारी शेजारी असतात आणि गोंधळ इथेच होतो. तिघांत प्रामुख्याने फरक आहे तो घासण्याच्या ताकदीचा.

पेंट क्लीनरमध्ये मळ विरघळवणारी द्रव्ये असतात आणि बहुधा अगदी सौम्य अपघर्षक. जुने वॅक्स, वरवरचा मळकटपणा आणि निस्तेजपणा तो काढतो. पॉलिशमध्ये बारीक अपघर्षक असते. ते क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढून कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे सपाट करते. कंपाउंड त्याहून खरखरीत, खोल ओरखड्यांसाठी. गॅरेजमधले 'रबिंग' म्हणजे बहुतेक वेळा हेच, तेही जोरात फिरणाऱ्या मशीनवर.

ओरखडा 'भरला' जात नाही, त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. वर्षातून दोन-तीनदा हे केले, की काय होते ते आमच्या बॉनेटने दाखवले. कडांवर धोका जास्त, कारण तिथे मशीनचा दाब आणि उष्णता एकवटते. नख फिरवल्यावर अडकते एवढा खोल ओरखडा असेल, तर तो पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडावा. थोडा दिसला तरी चालेल, क्लिअर कोट राहिला पाहिजे.

आणखी एक सापळा म्हणजे 'क्लीनर वॅक्स'. नावात वॅक्स असले तरी आत अपघर्षक असते. कमी वेळात काम होते, म्हणून ते वाईट नाही. पण दर महिन्याला लावण्याची ती वस्तू नाही. मॅट फिनिशच्या गाडीला तर यातले काहीच लावू नये, तिथे घासलेली जागा कायमची चकाकत राहते.

वॅक्स घ्यावे की सीलंट?

वॅक्स म्हटले की कार्नोबा हे नाव येते. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर हे मेण तयार होते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच. शुद्ध कार्नोबा विटेसारखे कडक असते, फडक्याने लावताच येणार नाही. त्यामुळे डब्यावर '१०० टक्के कार्नोबा' लिहिलेले असले, तरी आत तेले, द्रावके आणि इतर मेणे मिसळलेली असणारच.

कार्नोबाची चमक उबदार दिसते, गडद रंगांवर खुलते. पण आपल्या उन्हात आणि पावसात ती एक-दोन महिने टिकली तरी खूप.

सीलंट हा कृत्रिम पॉलिमर. तो रंगाला अधिक घट्ट धरतो आणि चार-सहा महिने काम करतो. चमक थोडी काचेसारखी, कोरडी वाटते. लावल्यावर काही तास त्याला पाणी लागू द्यायचे नाही. क्रमही महत्त्वाचा : सीलंटवर वॅक्स चालते, वॅक्सवर सीलंट नाही. वॅक्समधल्या तेलांमुळे सीलंटला धरायला जागाच मिळत नाही.

दोन्ही पातळ लावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायचे कष्ट वाढतात. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स गेले तर पांढरे डाग राहतात, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावा. अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगवला असेल, तर त्यावर निदान महिनाभर वॅक्स किंवा सीलंट नको. त्या रंगातली द्रावके बाहेर पडू द्यावी लागतात. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्याला ही अट नाही.

मग सिरॅमिक आणि टेफ्लॉनचे काय?

पेढे, हार आणि फोटो यांच्या गडबडीत नव्या गाडीच्या चाव्या हाती येतात, त्याच वेळी 'सर, कोटिंग करून टाका' असा प्रस्ताव येतो. माझ्या बहिणीच्या गाडीच्या वेळी तो २८ हजार रुपयांचा होता. 'नाइन एच आहे, ओरखडाच पडणार नाही,' असे सांगण्यात आले.

हा ९ एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची श्रेणी. वेगवेगळ्या पेन्सिली ठरावीक दाबाने फिल्मवर ओढून कोणती ओरखडा पाडते, हे त्या चाचणीत बघतात. खनिजांच्या मोज मापनाशी तिचा संबंध नाही. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोज मापनावर त्यांचा क्रमांक ७. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, तर ९ एचवरही रेघा पडणार.

सिरॅमिक ही फसवणूक आहे, असे मी म्हणत नाही. चांगले लावले, तर ते वर्षानुवर्षे टिकते, पाणी आणि मळ कमी धरते. पण ते साधारण एक-दोन मायक्रॉनचेच असते, खडा लागला तर वाचवत नाही, आणि त्याच्या वॉरंटीत बहुधा दरवर्षीच्या सशुल्क देखभालीची अट असते. ती अट वाचल्याशिवाय सही करू नका.

'टेफ्लॉन कोटिंग'बद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे : त्या नावासाठी पैसे देऊ नयेत. तव्यावर हा पदार्थ बसवायला साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. तेवढे तापमान गाडीच्या रंगाला झेपणार नाही. फडक्याने लावून मिळते ती चमक त्या मिश्रणातल्या इतर घटकांची असते, आणि ती साध्या सीलंटमधूनही मिळते.

तर मग काय करावे?

माझ्या मते चमकीचे बजेट उलटे मांडले पाहिजे. पहिला खर्च धुण्यावर, दुसरा चिकटलेली घाण काढण्यावर, तिसरा सीलंटवर. घासण्यावर शेवटचा, आणि तोही जाडी मोजल्यानंतर.

मेअखेरीस, पावसाआधी : शाम्पू, आयर्न रिमूव्हर, गरज असेल तिथे क्ले, मग सीलंट. दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा हेच. मधल्या काळात पक्ष्याची विष्ठा दिसली तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढा; तिच्यातले आम्ल तापलेल्या क्लिअर कोटला खड्डा पाडते. दसऱ्याला बॉनेटवर लावलेले हळद-कुंकू आणि ओला झेंडूचा हार संध्याकाळी उतरवून जागा पुसून घ्या. डाग राहणार नाही आणि पूजेलाही उणेपणा येणार नाही.

यंदाचे माझे सगळे साहित्य मिळून अडीच हजारांत आले आणि ते निदान दोन वर्षे पुरेल. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर आता आम्ही स्वतःच लिहितो : 'रबिंग करू नये.' कंपन्यांनीही डब्यावर ठळक छापावे : यात अपघर्षक आहे की नाही. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहितात, मग इथे एवढी ओळ लिहायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा आपल्या सोसायटीतल्या गाडी धुणाऱ्या दादांचा. पहाटे एक बादली आणि एका फडक्यावर ते दहा-वीस गाड्या पुसतात. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत जाते. बहुतेक ओरखडे तिथेच पडतात आणि आपण त्यांना नावे ठेवतो. पण तेवढ्या पैशांत आपणच दुसरे काही मागितलेले नाही. आम्ही दादांना आमच्या गाडीसाठी दोन बादल्या आणि सहा मायक्रोफायबरची फडकी दिली, महिन्याचे शंभर रुपये वाढवले आणि 'आधी पाणी ओता, कोरडे पुसू नका' एवढेच सांगितले.

बॉनेटवरचा डाग तसाच आहे. त्याला रंगाची वाट बघावी लागेल. पण चार महिन्यांत नवीन कोळिष्टके वाढलेली नाहीत, आणि छतावरचा आकडा अजून ११८ आहे.