दार लावल्याने जागा होत नाही

जून २०२५ मधल्या एका सोमवारी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना तेरा माणसे दारातून खाली पडली आणि त्यांतली चार त्याच दिवशी दगावली. मृतांत लोहमार्ग पोलीस दलातला एक शिपाईही आहे. संध्याकाळ व्हायच्या आत रेल्वे मंडळाने निर्णय जाहीर केला. मुंबईसाठी यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक लोकलला आपोआप बंद होणारी दारे असतील, आणि सध्या धावणाऱ्या गाड्यांनाही ती बसवली जातील. मागोमाग तपशीलही आला. वातानुकूलित नसलेल्या साध्या गाडीच्या दारांना हवेसाठी फटी असतील, छतावर बाहेरची हवा आत घेणारी यंत्रे असतील, एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल. पहिली गाडी नोव्हेंबरपर्यंत तयार होईल आणि जानेवारीत सेवेत येईल, असे तेव्हा सांगितले गेले. मुंबईच्या लोकलबद्दल इतक्या तातडीने काही ठरल्याचे आम्हाला आठवत नाही. दुःख एवढेच की जे ठरले, त्याने गर्दीतला एकही माणूस कमी होत नाही. माणूस दारात लटकतो, कारण आत पाय ठेवायला जागा नसते. दार लावल्याने जागा होत नाही.

दारात लटकणारे प्रवासी आणि त्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या आणि माणसे पडली, असे अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सांगितले. बॅग घासली असेलही. पण त्या बॅगेत डबा होता, पाण्याची बाटली होती, दिवसभराच्या कामाचे सामान होते. ती पाठीवर घेऊन कसारा किंवा कर्जत मार्गावरून निघालेल्या माणसाने सकाळी नऊच्या सुमारास कुठे उभे राहायचे, हे एकदा रेल्वेनेच सांगावे. बारा डब्यांच्या गाडीत बसायला साधारण बाराशे जागा असतात आणि गर्दीच्या वेळी तीत साडेचार-पाच हजार माणसे असतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी! रेल्वेच्या कागदांत या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे स्वतंत्र नाव आहे. ज्या अवस्थेला खात्याने नाव दिले, ती अवस्था खात्याला ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मेली, म्हणजे दिवसाला सात. माणसांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, असे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सुनावले होते. तेव्हा मात्र संध्याकाळच्या आत काहीही ठरले नाही.

ज्या मार्गावर हे घडले तो देशातला पहिला रेल्वेमार्ग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांतून सुमारे चारशे माणसे गेली. पुढच्याच वर्षी ठाण्याची खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून गाडी कल्याणला पोहोचली. हा वळसा टाळण्यासाठी पारसिकचा डोंगर फोडून एक किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला आणि १९१६ साली तो सुरू झाला. तेव्हापासून जलद गाड्या बोगद्यातून सरळ जात आणि कळवा-मुंब्र्याच्या वळणावरून धिम्या गाड्या धावत. १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी धावली आणि पाच वर्षांच्या आत कल्याणपर्यंतचा मार्ग विजेवर आला. त्या काळी डोंबिवली हे खेडे होते आणि दिव्याला कुणाचे फारसे काम नसे.

आता तिथे शहरे उभी आहेत. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, दादर-परळ परवडेना म्हणून मराठी माणूस आधी डोंबिवलीला गेला, मग बदलापूरला, टिटवाळ्याला, आता वांगणी-नेरळला. नोकरी मात्र फोर्टात, परळला, कुर्ल्याला, अंधेरीतच राहिली. घर पन्नास किलोमीटर दूर नेऊन ठेवायचे आणि मधला रस्ता जुनाच ठेवायचा, असा हा कारभार पन्नास वर्षे चालला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर, बदलापूरच्या वेशीवर हजारो घरांच्या परवानग्या देताना ही माणसे उद्या कोणत्या गाडीने जातील, असे कोणत्याही नगररचना अधिकाऱ्याने विचारले नाही. कारण ते विचारणे त्याच्या कामातच धरलेले नाही.

दरम्यान रेल्वेने काय केले? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली. अंतर जेमतेम नऊ किलोमीटर. ती सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये, चौदा वर्षांनी. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना दिला गेला आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या गेल्या. त्या सोमवारी माणसे पडली ती याच वळणावर. लटकणाऱ्या माणसांनी भरलेल्या दोन जलद गाड्या तिथे शेजारून जातील, हे २०२२ मध्ये रूळ टाकतानाच दिसत होते. दोन रुळांतले अंतर, वळणाची तीव्रता, त्या ठिकाणचा वेग यांची तपासणी आता होईल. ती रेल्वेबाहेरच्या तज्ज्ञांकडून व्हावी आणि अहवाल जसाच्या तसा लोकांपुढे यावा.

आणि या नव्या मार्गिकेचा लाभ कुणाला मिळाला? तेव्हा ३६ नव्या फेऱ्या जाहीर झाल्या, त्यांतल्या ३४ वातानुकूलित. साधा पास काढणाऱ्याच्या वाट्याला दोन आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याचे प्रवासी कारशेडमधून निघणाऱ्या वातानुकूलित गाडीपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांना हुल्लडबाज म्हटले गेले. एप्रिल २०२५ मध्ये आणखी चौदा वातानुकूलित फेऱ्या आल्या, त्या साध्या फेऱ्या काढून त्यांच्याच वेळेवर. तेव्हा मध्य रेल्वेच्या रोजच्या १,८१० फेऱ्यांमध्ये ८० वातानुकूलित झाल्या. गार हवेला आमचा विरोध नाही. मुंबईच्या उकाड्यात ती प्रत्येकाला मिळायला हवी. पण साध्या पासच्या कितीतरी पट पैसे मोजणाऱ्यासाठी जेव्हा एक साधी फेरी रद्द होते, तेव्हा तिच्यातली माणसे मागच्या गाडीत शिरतात. मागची गाडी आधीच भरलेली असते, म्हणून ती दारात लटकतात. मग दुपारी घोषणा होते की दार बंद करू.

दार बंद होण्यासाठी सगळी माणसे आत मावावी लागतात. डोंबिवलीला सकाळी गाडी काही सेकंद थांबते. फलाटावरचे अर्धे चढतात, अर्धे पुढच्या गाडीसाठी मागे राहतात आणि चढलेल्यांपैकी शेवटच्या दहा-पंधरांचे पाय फळीवर, अंग बाहेर असते. ते दार कुणाच्या पाठीवर लागणार? दार लागेपर्यंत गाडी हलणार नसेल, तर प्रत्येक स्थानकावर वेळ वाढेल. वेळ वाढला की फेऱ्या कमी होतील, आणि फेऱ्या कमी झाल्या की गर्दी पुन्हा वाढेल. बायकांच्या डब्यात ऐन गर्दीत दार बंद आणि आत हवा नाही, अशी वेळ आली तर काय होईल, याचा विचार कोणी केला आहे काय? दारे जरूर लावा. पण त्याआधी फेऱ्या वाढवा. फेऱ्या वाढवल्याशिवाय लावलेले दार प्रवाशाला फलाटावर ठेवील, गाडीत घेणार नाही.

फेऱ्या वाढवण्यासाठी रूळ हवेत, आणि ही गोष्ट रेल्वेला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कल्याणपलीकडे कसाऱ्याला आणि कर्जतला जाणारे फाटे अजून दोन रुळांवर आहेत. त्याच दोन रुळांवर लोकल, मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. एक मालगाडी रखडली की आसनगावचा माणूस तासभर उशिरा पोहोचतो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झाली, खर्च सुमारे दीड हजार कोटी. ती अपुरी आहे. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका अपुरी. कुर्ल्याच्या पुढे पाचवी-सहावी मार्गिका २००८ पासून अपुरी. कळव्याहून नवी मुंबईला थेट नेणारा ऐरोली-कळवा उन्नत मार्ग झाला असता, तर ठाण्याची गर्दी तरी हलकी झाली असती. त्यातले दिघा गाव स्थानक तेवढे २०२४ मध्ये सुरू झाले. पंधरा डब्यांची गाडी मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये आली आणि तेरा वर्षांनंतर, २०२५ मध्ये, दिवसाला तिच्या अवघ्या २२ फेऱ्या होत होत्या. २०१६ आणि २०१९ मध्ये मिळून मंजूर झालेल्या २३८ नव्या गाड्यांपैकी एकही जून २०२५ पर्यंत रुळावर आलेली नव्हती. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला एक लाख आठ हजार कोटी मंजूर होतात आणि तिचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून शीळफाट्यापर्यंत, मुंब्र्याच्या डोंगरापलीकडे, खणला जातो. त्याच डोंगराच्या अलीकडे रोज लाखो माणसे जिवावर उदार होऊन कामावर जातात, त्यांच्या दीड हजार कोटींच्या कामाला सहा वर्षे पुरली नाहीत. याला आम्ही पैशाची टंचाई मानत नाही. हा अग्रक्रमाचा प्रश्न आहे.

राज्य सरकारलाही हात झटकता येणार नाहीत. ही कामे करणारे मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ पासून रेल्वे आणि राज्य यांचे मिळून आहे आणि त्यात राज्याचा वाटा ४९ टक्के आहे. जमीन द्यायची राज्याने, रुळांलगतच्या कुटुंबांना दुसरीकडे घर द्यायचे राज्याने, आणि बहुतेक कामे अडली आहेत ती तिथेच. कार्यालयांच्या वेळा बदलणे तर मंत्रालयाच्या एका आदेशाचे काम आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबई विभागीय कार्यालयात ते करून दाखवले. सरकारी कचेऱ्यांनी, बँकांनी, विमा कंपन्यांनी ते का करू नये?

कल्याण-बदलापूरची तिसरी-चौथी मार्गिका, कल्याण-कसाऱ्याची तिसरी आणि ऐरोली-कळवा मार्ग कोणत्या महिन्यात सुरू होणार आणि त्यातून गर्दीच्या वेळी किती साध्या फेऱ्या वाढणार, हे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत तारखेसह सांगावे. ठाणे, कल्याण आणि भिवंडीच्या खासदारांनी त्यांना ते विचारावे.